न दुखणाऱ्या मूत्रपिंडाची राखण

दुखणे कोणालाच नको असते. पण थोडा विचार केला तर दुखण्याइतका इमानी राखणदार शरीरापाशी दुसरा नाही, असे दिसून येईल. दात किडला की तो ठणकतो. पायात काटा मोडला की पाऊल टेकवत नाही. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला की धडधाकट माणूस जमिनीवर गडाबडा लोळू लागतो. राखणदार ओरडतो, म्हणून घरधनी जागा होतो आणि वेळीच वैद्याकडे धावतो. आज ज्या अवयवासंबंधी मला बोलायचे आहे, त्याच्या दारात हा राखणदारच नाही. दुसऱ्या माणसाने दिलेले आणि शस्त्रक्रियेने बसविलेले मूत्रपिंड संकटात सापडले तरी बहुधा दुखत नाही. ते मुकाट्याने सोसते आणि मुकाट्यानेच निकामी होते. मग त्याची राखण करायची कोणी आणि कशी, हा आजचा विषय आहे.

हा विषय नुसता पुस्तकी नाही. समजा, आपल्या पूर्वभागातील एका यंत्रमाग कामगाराची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घेण्यात त्याचे वर्ष गेले. शेवटी आईने आपले एक मूत्रपिंड दिले, पुण्यास रोपण झाले आणि मुलगा घरी आला. त्याला भूक लागू लागली, तोंडावर तकाकी आली, तो पुन्हा मागावर जाऊ लागला. चौथ्या महिन्यातील तपासणीची तारीख नेमकी लग्नसराईत आली. तो म्हणाला, "काही दुखत नाही, खुपत नाही, पुढच्या महिन्यात जाऊ." हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी उच्चारलेले आहे आणि पुष्कळ वेळा त्यावाचून काही बिघडतही नाही. येथे मात्र ते धोक्याचे आहे. ते का, हे कळण्यासाठी नवे मूत्रपिंड शरीरात कोठे व कसे बसविलेले असते, ते आधी पाहिले पाहिजे.

आपली जन्मजात मूत्रपिंडे पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांस, बरगड्यांच्या आडोशाला असतात. पुष्कळांची समजूत अशी की, मोटारीचा सुटा भाग बदलावा तसे नादुरुस्त मूत्रपिंड काढून त्याच जागी नवे बसवितात. तसे नसते. जुनी मूत्रपिंडे बहुतेक वेळा जागच्या जागीच राहू देतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस, बहुधा उजवीकडे, मांडीच्या सांध्याच्या वर, कातडीपासून थोड्याच खोलीवर ठेवतात. तेथे तीन जोड करावे लागतात. पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिणीला मूत्रपिंडाची रोहिणी जोडतात. तेथील मोठ्या नीलेला त्याची नीला जोडतात, म्हणजे वापरलेले रक्त परत जाते. आणि मूत्र वाहून नेणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात.

तीन गोष्टी जोडल्या, पण दोन गोष्टी जोडावयाच्या राहतात, कारण त्या जोडणे शक्य नसते. एक, वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारे मज्जातंतू. दुसरी, लसीका नावाचा पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या. मज्जातंतू तुटलेले असल्यामुळे मूत्रपिंड मुके होते. क्वचित ते फार सुजले किंवा त्यात जंतूंचा शिरकाव झाला तर भोवतालचे आवरण ताणून त्या जागी दुखते, पण त्यावर विसंबून चालत नाही. हे तीन जोडलेले सांधे आणि दोन न जोडलेले धागे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची बहुतेक संकटे आपोआप उलगडतील.

मूत्रपिंडरोपणाचा इतिहास फार जुना नाही. पहिले खऱ्या अर्थाने यशस्वी रोपण अमेरिकेत बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी केले. देणारा व घेणारा हे हेरिक आडनावाचे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने परक्या अवयवाशी जे वैर धरावयाचे ते येथे धरले नाही. ज्याला मूत्रपिंड मिळाले तो भाऊ त्यानंतर आठ वर्षे जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात पहिला प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याचेच हे रुग्णालय. पुढे १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले, परक्या अवयवाविरुद्धचे शरीराचे बंड आवरता येऊ लागले आणि रोपण हा नित्याचा उपचार झाला.

१९५४ साली डॉ. मरे यांच्यापुढे अडचण अशी होती की, मूत्रपिंड एकदा पोटात बंद केले की आत काय चालले आहे ते कळण्यास मार्ग फार थोडे होते. लघवी मोजावयाची, रक्त तपासावयाचे आणि वाट पाहावयाची. ही दोन साधने आजही पहिल्या मानाची आहेत. रक्तातील क्रिएटिनीन हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंड बाहेर टाकते. तो साठू लागला की मूत्रपिंडाचे काम ढिले पडले असे समजावे. परंतु क्रिएटिनीन फक्त एवढेच सांगते की घरात काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, हे ते सांगत नाही. रक्त येत नाही, की जात नाही, की मूत्राची वाट अडली आहे, की शरीराने बंड पुकारले आहे, की उन्हाळ्यात पाणी कमी पडले आहे, या सर्वांचे उत्तर एकच: क्रिएटिनीन वाढले. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा, कित्येकदा एकमेकांच्या उलट. म्हणून आत डोकावून पाहण्याची गरज पडते, आणि ती सोय करून दिली ध्वनीने.

सोनोग्राफी म्हणताच आपल्याला गर्भवती स्त्री आठवते, आणि दारावरची "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी. पण तेच यंत्र रोपित मूत्रपिंडाचा पहिला पहारेकरी आहे. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या यंत्रातला ध्वनी सेकंदास काही दशलक्ष कंपनांचा, म्हणून त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. कातडीवर ठेवलेल्या हातयंत्रातून हा ध्वनी आत जातो, वेगवेगळ्या पडद्यांवर आपटून परततो, आणि परत येण्यास किती वेळ लागला यावरून पडदा किती खोल आहे ते यंत्र ठरविते. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. म्हणजे पाच सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण पंधरा हजाराव्या भागात परत येतो. असे असंख्य प्रतिध्वनी जुळवून पडद्यावर करड्या रंगाचे चित्र उमटते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, मूत्रपिंडास अपायकारक असे औषध नाही. शिवाय नवे मूत्रपिंड कातडीलगत असते, वर बरगड्या नाहीत, त्यामुळे जन्मजात मूत्रपिंडापेक्षा ते कितीतरी स्पष्ट दिसते. मुके मूल दाराशीच निजविलेले असावे, तसे ते आहे.

हे चित्र आकार दाखविते, सूज दाखविते, कोठे पाणी साचले आहे ते दाखविते. पण आतल्या रक्ताची चाल त्यात दिसत नाही. त्यासाठी क्रिस्टियन डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशाचा विचार करताना मांडलेला नियम उपयोगी पडला. फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा स्वर चढा वाटतो आणि गाडी पुढे निघून गेली की तोच स्वर एकदम उतरतो, हा अनुभव सर्वांचा आहे. १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारीवाले बसवून या नियमाची परीक्षाही झाली होती. रक्तातील तांबड्या पेशी म्हणजे अशाच धावत्या गाड्या. त्यांच्यावरून परतलेला ध्वनी किती चढला वा उतरला यावरून रक्त कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहते ते कळते. यालाच डॉप्लर तपासणी म्हणतात.

आता या चालीचा अर्थ कसा लावावयाचा? आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना मोटेची आठवण असेल. मोट थारोळ्यात रिकामी होते तेव्हा पाटात लोंढा येतो. दुसरी मोट येईपर्यंत लोंढा ओसरतो. पण वाफा भुसभुशीत आणि तहानलेला असेल तर दोन मोटांच्या मधल्या वेळातही पाटातले पाणी पुढेच सरकत राहते. हृदय ही अशीच मोट आहे. दर ठोक्याला लोंढा येतो, मधे विसावा असतो. निरोगी मूत्रपिंड हा भुसभुशीत वाफा आहे, त्यामुळे विसाव्याच्या क्षणीही रक्त त्यात मुरत राहते. मूत्रपिंड सुजले, आतून ताठरले किंवा बाहेरून दाबले गेले, तर वाफा कडक झाल्यासारखे होते. लोंढ्याच्या जोरावर पाणी शिरते, पण विसाव्यात पुढे सरकत नाही.

हा कडकपणा डॉक्टर एका साध्या भागाकाराने मोजतात. ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग घ्यावयाचा, त्यातून विसाव्याच्या शेवटचा वेग वजा करावयाचा आणि बाकीला जास्तीत जास्त वेगाने भागावयाचे. मूत्रपिंडातील बारीक रोहिणीत ठोक्याचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि विसाव्यातला १४ सेंटिमीटर असेल, तर बाकी २६, आणि भागाकार ०.६५. याला रोध-अंक म्हणू. तो साधारणपणे ०.७ च्या आसपास वा खाली असला म्हणजे ठीक. ०.८ च्या वर गेला की कपाळाला आठी पडते. विसाव्यात वेग शून्य झाला तर अंक १ होतो. आणि वाफ्यातून पाणी बाहेर जाण्याची वाट पूर्ण बुजली तर काय होते? पाटातले पाणी विसाव्यात मागे फिरते. रक्तही तसेच मागे फिरलेले दिसते, आणि ही फार वाईट खूण आहे. तिचा विचार आता करू.

पहिल्या रात्रीपासून सुरुवात करू या, कारण प्रत्येक संकटाचा आपला काळ ठरलेला असतो. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत मोठे भय रक्ताच्या दोन जोडांचे. रोहिणीत गुठळी झाली तर मूत्रपिंडात रक्त शिरतच नाही. डॉप्लरमध्ये रंगाचा ठिपकाही दिसत नाही. नीलेत गुठळी झाली तर रक्त शिरते पण निघत नाही. मूत्रपिंड फुगते, आणि वर सांगितलेली मागे फिरणारी चाल दिसते. दोन्ही प्रकार विरळा आहेत, पण झाले तर हिशेब तासांचा असतो. चांगली चाललेली लघवी अचानक थांबली म्हणजे डॉक्टर रात्री-अपरात्री सोनोग्राफीचे यंत्र खाटेपाशी का आणवितात, ते यावरून कळेल. गुठळी वेळीच सापडली तर पुन्हा शस्त्रक्रिया करून मूत्रपिंड वाचण्याची आशा असते. उद्या सकाळी पाहू म्हटले तर पाहण्यासारखे काही उरत नाही.

याच दिवसांत लघवी कमी होण्याचे दुसरे, पुष्कळ अधिक आढळणारे आणि पुष्कळ सौम्य कारण आहे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या आप्तांनी अवयवदान केले म्हणजे मूत्रपिंड बर्फात ठेवून दुसऱ्या गावी न्यावे लागते. आपला जिल्हा यासाठी पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येतो. सोलापूर ते पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. या थंडीत आणि रक्तावाचूनच्या तासांत मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका गारठून काम थांबवितात. मूत्रपिंड मेलेले नसते, निजलेले असते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी ते जागे होते. अशा वेळी रोहिणी आणि नीला दोन्ही नीट वाहत आहेत एवढे डॉप्लरने दाखविले तरी घरच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो.

पुढच्या एक-दोन आठवड्यांत तिसऱ्या सांध्याची पाळी येते. मूत्रवाहिनीच्या टोकाला रक्ताचा पुरवठा तोकडा असतो. तेथे शिवण उसवली तर मूत्र पोटात झिरपते. सोनोग्राफीत मूत्रपिंडाजवळ काळा डाग, म्हणजे पाण्याचे तळे दिसते. पण असे तळे रक्ताचे असू शकते, पुवाचे असू शकते, किंवा लसीकेचे. लसीकावाहिन्या जोडलेल्या नसतात हे आपण पाहिले. त्यांतून झिरपलेला रस साचून काही आठवड्यांनी तळे बनते. ते मोठे झाले तर मूत्रवाहिनीला किंवा नीलेला दाबते, कधी त्या बाजूच्या पायाला सूज येते. मग तळे कशाचे हे ओळखावे कसे? सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईने थोडे पाणी काढतात आणि त्यातले क्रिएटिनीन मोजतात. ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले तर मूत्र गळते आहे. रक्ताइतकेच निघाले तर लसीका. एका सुईने निदान होते, आणि त्याच वाटेने नळी ठेवून तळे रिकामेही करता येते.

आता आपल्या यंत्रमाग कामगाराकडे वळू. मूत्रवाहिनी जेथे मूत्राशयाला जोडली आहे तो सांधा पुढे महिन्यांनी आकसू शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या वाटेत एक बारीक नळी ठेवण्याची पद्धत आहे. ती काही आठवड्यांनी काढतात. त्यानंतर सांधा आकसला तर मूत्र मागे तुंबते आणि मूत्रपिंडाच्या आतले पोकळ भाग फुगतात. आपल्या जन्मजात मूत्रपिंडात असे एकाएकी तुंबले असते तर पोटात कळ उठून आपण आडवे झालो असतो. येथे कळ नाही. लघवी थोडी कमी होते, आणि तीही ध्यानात येत नाही. रक्त तपासले असते तर क्रिएटिनीन चढलेले दिसले असते. सोनोग्राफी केली असती तर पाच मिनिटांत फुगवटा दिसला असता. वाट मोकळी करून मूत्रपिंड पूर्ववत होते. तुंबारा महिनोन् महिने राहिला तर मात्र आतला भाग झिजतो आणि मग वाट मोकळी करूनही गेलेले परत येत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूत्राशय तुडुंब भरलेले असतानाही थोडा फुगवटा दिसतो. म्हणून जाणता सोनोग्राफीतज्ज्ञ रोग्याला लघवी करून येण्यास सांगतो आणि पुन्हा पाहतो. तेव्हा असे सांगितले तर कंटाळू नये.

आणखी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, रोहिणीचा जोड अरुंद होऊ शकतो. बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोराने उडते, तसे अरुंद जागी रक्त धावते. मुख्य रोहिणीत वेग सेकंदाला दोनशे-अडीचशे सेंटिमीटरांच्या वर गेला तर अशी शंका येते. आणि पलीकडे, मूत्रपिंडाच्या आत, चाल उलट मंद आणि उशिरा चढणारी दिसते. रक्त कमी मिळाले की मूत्रपिंडाला वाटते, साऱ्या शरीराचाच दाब उतरला. ते दाब वाढविणारे रस सोडते आणि रोग्याचा रक्तदाब औषधांना दाद देईनासा होतो. निदान झाले तर मांडीतून बारीक नळी घालून फुग्याने ती जागा रुंद करता येते. म्हणजे रक्तदाबाची एक-एक गोळी वाढवीत बसण्यापूर्वी एकदा डॉप्लर करून घेणे शहाणपणाचे.

एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की सोनोग्राफी हे सर्वज्ञ यंत्र आहे. तसे समजणे ही दुसरी चूक होईल. परक्या मूत्रपिंडाविरुद्ध शरीराने बंड केले, तर मूत्रपिंड सुजते आणि रोध-अंक वाढतो. पण निजलेल्या मूत्रपिंडातही तो वाढतो, मूत्र तुंबले तरी वाढतो, बाहेरून तळ्याने दाबले तरी वाढतो. उलट बंड सुरू असताना चित्र अगदी निर्दोष दिसल्याचीही उदाहरणे आहेत. चित्रावरून बंडाचे निदान होत नाही आणि ते नाकारताही येत नाही. तेथे सुईने मूत्रपिंडाचा शेवयाएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तिला बायॉप्सी म्हणतात. त्या तुकड्यांचा अर्थ सर्व जगात एकाच रीतीने लावला जावा म्हणून १९९१ साली कॅनडातील बॅन्फ या गावी तज्ज्ञ जमले. त्यांनी घालून दिलेली आणि वेळोवेळी सुधारलेली वर्गवारी आज सर्वत्र चालते. सोनोग्राफीचे काम येथेही संपत नाही: सुई कोठे घालावी ते तीच दाखविते, आणि नंतर रक्तस्राव तर झाला नाही ना, हेही तीच पाहते.

इतर साधनांचाही उल्लेख केला पाहिजे. टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात शिरेतून देऊन मूत्रपिंड ते कसे घेते आणि कसे बाहेर टाकते, हे बाहेरच्या कॅमेऱ्याने पाहता येते. त्याची किरणे दर सहा तासांनी निम्मी होतात, त्यामुळे ते शरीरात फार रेंगाळत नाही. ही विद्या आपल्याकडे नवी नाही; परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून तिचे काम करीत आहे. रक्त येते पण मूत्र बनत नाही, हे निजलेल्या मूत्रपिंडाचे लक्षण यात स्पष्ट होते; मूत्र गळत असेल तर द्रव्य भलत्याच जागी जमलेले दिसते. सीटी स्कॅन आणि एमआरआय यांनी रक्तवाहिन्यांचे नकाशे फार सुरेख मिळतात, पण त्यांसाठी शिरेत द्यावयाची द्रव्ये जपून वापरावी लागतात. सीटीच्या आयोडीनयुक्त द्रव्याची पूर्वी होती तितकी धास्ती आता राहिलेली नाही, तरी अशक्त मूत्रपिंडास ते देताना विचार करतात. एमआरआयच्या काही जुन्या गॅडोलिनियम द्रव्यांमुळे, मूत्रपिंडे फार खचलेल्या रोग्यांची कातडी दगडासारखी कठीण झाल्याचे २००६ साली उघडकीस आले. तेव्हापासून अधिक सुरक्षित द्रव्ये निवडतात. सारांश, आधी ध्वनी, मग बाकीचे, हा क्रम पैशांच्या दृष्टीने आणि मूत्रपिंडाच्याही दृष्टीने योग्य ठरतो.

आता आपल्या गावापुरते बोलू. रोपण ज्यांचे पुण्या-मुंबईस झाले आहे, त्यांना वाटते की मूत्रपिंडासंबंधीची प्रत्येक गोष्ट तेथेच जाऊन केली पाहिजे. आणि तेथे जाणे रजा, गाडीभाडे, सोबतीला माणूस, या हिशेबात लांबणीवर पडते. बायॉप्सी, फुग्याचा उपचार या गोष्टी रोपणकेंद्राच्याच आहेत. परंतु पहिली नजर टाकण्यास अडीचशे किलोमीटर जावयास नको. रक्तातील क्रिएटिनीन येथे मोजता येते, सोनोग्राफी व डॉप्लर येथे होते. १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयामुळे या शहरात वैद्यकाच्या शिक्षणाची परंपरा साठ वर्षांवर झाली आहे. येथे पाहावे, अहवाल रोपणकेंद्राच्या डॉक्टरांना कळवावा, आणि त्यांनी बोलाविले की मग मात्र एक दिवसही न दवडता निघावे.

तपासणीस जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद बरोबर न्यावा: मूत्रपिंड कोणत्या बाजूस आहे, त्याला रोहिणी एक होती की दोन, मूत्रवाहिनीतील नळी काढली की आहे, हे त्यात लिहिलेले असते. मागच्या सोनोग्राफीचा अहवाल त्याहून महत्त्वाचा. रोध-अंक ०.७८ आला तर तो चांगला की वाईट, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी तो ०.६२ होता की ०.७७, यावर सारे अवलंबून आहे. आपल्या घरी सोन्याच्या पावत्या जशा जपून ठेवतो तसे हे कागद जपावेत. आणि सोनोग्राफी करणाऱ्यास आधी सांगावे की माझे मूत्रपिंड रोपण केलेले आहे व त्याचे डॉप्लर हवे आहे. नाहीतर पाठीकडची आकसलेली जुनी मूत्रपिंडे पाहून नुसताच घोटाळा व्हावयाचा.

लघवी कमी होणे, अंगावर सूज, एकाएकी वाढलेले वजन, वाढता रक्तदाब, ताप, ही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा विसरून चालणार नाही. पारा चाळिशीच्या वर गेला, त्यात जुलाब वा उलट्या झाल्या, की अंगातले पाणी आटते आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. किती पाणी प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेणे हे तर या रोग्यांनी शपथेवर सोडावे, कारण अशा पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आखडतात.

श्रोतेहो, आमच्या त्या कामगाराच्या आईचा विचार करा. तिला दोन मूत्रपिंडे होती; आता एक आहे, आणि दर वर्षी तिचीही तपासणी झाली पाहिजे, हे आपण फार लवकर विसरतो. तिने जे दिले ते परत घेता येत नाही आणि तेच निकामी झाले तर पुन्हा देण्यास तिच्यापाशी काही नाही. तेव्हा लग्नसराईतली तपासणीची तारीख पुढे ढकलण्यापूर्वी मुलाने एवढेच आठवावे की, आपल्याला दुखत नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा नाही. लग्नाला जावे, अक्षता टाकाव्यात. पण त्याच आठवड्यात रक्त द्यावे आणि सोनोग्राफीच्या खोलीत पाच मिनिटे आडवे पडावे. घरात असा कोणी असेल तर त्याची तारीख आजच पंचांगाशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.